नऊ दिवसांत चार सूत

आमचं झुडूप महिन्याला दोन सूत वाढायचं. कधी दीड, कधी अडीच. नऊ दिवसांत चार सूत ते कधीच वाढलं नव्हतं. म्हणून मुलीच्या गावाहून, टूसॉनहून, परत आल्यावर काचेला पट्टी लावून आकडा वाचला तेव्हा मी आधी चष्मा काढून पुसला. परत वाचला. सात इंच सात सूत. निघालो त्या सकाळी सात इंच तीन सूत होतं. आठ सुतांचा इंच, म्हणजे अर्धा इंच वाढ. दोन महिन्यांचं काम आठवडाभरात.

झुडूप म्हणजे प्रवाळ. माझी बायको मार्लिस हिने नऊ वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा आणून हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडावर चिकटवला होता. हिरव्या फांद्या, जांभळी टोकं. टाकीवाले लोक प्रवाळांना भारी भारी नावं देतात. मार्लिस झुडूपच म्हणायची, म्हणून आमच्या डुलुथ गावातले सगळे त्याला मार्लिसचं झुडूप म्हणतात.

मार्लिस ऑक्टोबरमध्ये गेली. आजार कळल्यापासून सात आठवडे. तिचे कपडे आमच्या मुलीने, कॅरिनने, चर्चला दिले. तिची गाडी शेजारच्या गावी गेली. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. ते मरू द्यायचं नाही एवढं मी ठरवलं. त्या दिवसांत दुसरं काही ठरवता येत नव्हतं.

मी चाळीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या. मला मोजमाप कळतं, बाकी टाकीतलं फारसं कळत नव्हतं. मार्लिस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आली की अंगावरचा कोट न काढता काचेला पट्टी लावायची, सगळ्यांत उंच फांदी मोजायची आणि वहीत लिहायची. सुरुवातीचे पाच महिने वहीत एकच आकडा आहे. तेव्हा ती म्हणायची, ते आधी पाय पसरतं, मग उभं राहतं. आणि खरंच, त्याचा बुंधा मेणबत्तीच्या मेणासारखा दगडावर ओघळून बसला, मग फांद्या वर निघाल्या. पुढे मधेमधे आकडा एकदम दोन इंच खाली येतो आणि शेजारी कोणाचं तरी नाव असतं. रेनो. आर्डिथ. शेजारच्या सुपीरियर गावचं जोडपं. तिने फांद्या कापून दिलेल्या लोकांची ती नावं.

ती गेल्यावर वही मी चालवली. नोव्हेंबर, दोन सूत. डिसेंबर, एक. जानेवारी, अर्धंसुद्धा नाही.

ते मला सहन होईना. प्रवाळ पाण्यातला चुना आणि सोडा घेऊन स्वतःचं हाड बांधतं. आमच्या टाकीखाली दोन छोटे पंप आहेत, ते दिवसभर थोडा थोडा चुना आणि सोडा सोडतात. पाण्यात सोडा किती आहे ते बघायचं तर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत किती लागले ते मोजायचं. मार्लिसचे आठ थेंब ठरलेले. मला वाटलं, खाणं वाढवलं की वाढ होईल. नऊ केले. मग दहा. कॅरिनच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला टूसॉनला निघालो त्या सकाळी सोड्याच्या पंपाचा काटा आणखी दोन घरं वर सरकवला. कोणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही वाटलंही नाही.

मागे टाकी बघायला रेनो होता. रेनो कांगस. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो, घटस्फोट झालेला, एकटा राहतो. मार्लिसला प्रवाळांची गोडी त्यानेच लावली, की तिने त्याला, यावर दोघं वर्षानुवर्षं भांडायचे. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे दहा वर्षं आहे.

पण त्याच्याबद्दल माझ्या मनात आधीपासून एक खडा होता, तोही सांगतो. अंत्यविधी झाला त्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. रेनो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "व्हर्लिन, थोडा सावरलास की झुडपाच्या चार फांद्या कापून लोकांकडे ठेव."

मी म्हटलं, "आज बोलायची गोष्ट आहे का ही?"

"नाही. पण विसरशील म्हणून सांगतो. एकाच टाकीत ठेवणं बरं नाही. मार्लिस ठेवायची नाही."

"मी तिची बोटं कापणार नाही, रेनो."

"बोटं नाहीत ती."

"माझ्यासाठी आहेत."

नंतर आमच्या टाकीवाल्यांच्या क्लबमधल्या आणखी दोघांनी तुकडा मागितला, मी नाही म्हटलं. रेनोने मात्र नोव्हेंबरात परत विषय काढला, नाताळात परत काढला. तेव्हापासून वाटायला लागलं, याला एवढी घाई कशाची?

तर, टूसॉनहून आलो. विमानतळावर रेनो घ्यायला आला होता. बाहेर उणे वीस. एरवी गाडीत बसल्यापासून त्याची बडबड चालू असते, कोणाची भट्टी बंद पडली, कोणाच्या चिमणीत खार सापडली. त्या दिवशी गप्प.

"टाकी कशी आहे?" मी विचारलं.

"आहे."

"झुडूप?"

"आहे की." आणि लगेच, "टूसॉनला ऊन होतं का?"

वाळवंटातल्या गावात ऊन होतं का म्हणे. त्याने मला दारात सोडलं. आत आला नाही. रेनो आणि कॉफीला आत येत नाही!

आकडा वाचल्यावर पहिली पाच मिनिटं मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. एकट्याच घरात मोठ्याने म्हणालो, "बघ मार्लिस." मग कोट काढायला गेलो, परत आलो, आणि खेकडा दिसला.

झुडपात नखाएवढा एक खेकडा राहतो. सहा वर्षं त्याच फांद्यांत. कोणी हात घातला तर चिमटे काढतो, पण जागा सोडत नाही. तो त्या दिवशी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात एका उघड्या दगडाला धरून बसला होता.

मी टॉर्च आणला आणि गुडघ्यावर बसलो. डाव्या अंगाला खाली एक फांदी होती. तिथे मार्लिसची बाही अडकून टोक मोडलं होतं, ती जखम भरून तिथे गाठ आली होती. ती गाठ दिसेना. मग बुंधा बघितला. मेणासारखा ओघळलेला पाय नव्हता. झुडूप करड्या पुट्टीवर टेकवलेलं होतं, दगड चिकटवायला वापरतात त्या पुट्टीवर. आणि बाजूला दगडावर पांढरे ताजे ओरखडे. छिन्नी मारल्याशिवाय तसे ओरखडे पडत नाहीत. माझं आयुष्य त्यात गेलंय.

खाली पंप बघितले. सोड्याचा काटा मार्लिसच्या जुन्या घरावर होता. म्हणजे रेनोने पंपालाही हात लावला होता. भट्टीच्या खोलीतली पाच गॅलनची निळी बादली जागेवर नव्हती. न्हाणीघरातला पिवळा टॉवेल नव्हता.

मी कॅरिनला फोन केला.

"डॅड, पोहोचलास? जेवलास का?"

"रेनोने झुडूप बदललं."

"काय?"

"आईचं झुडूप नेलं आणि तिथे दुसरं ठेवलं."

"डॅड. कोण चोरणार प्रवाळ?"

"तुला हे लोक माहीत नाहीत. एकजण बोटाएवढ्या तुकड्यासाठी बर्फातून फार्गोला गेला होता. मार्लिसचं झुडूप सगळ्यांना हवं होतं. मी कोणाला दिलं नाही."

"आणि चोराने तुझ्यासाठी तसंच दुसरं आणून ठेवलं? रेनोने? ज्याने दवाखान्यात आईच्या उशाशी रात्री काढल्या?"

"तेच तर. त्याच्याकडे किल्ली आहे."

ती म्हणाली, "त्याला विचार ना सरळ."

कॅरिन फार वर्षं बाहेर राहिली. आमच्याकडे सरळ विचारत नाहीत. आमच्याकडे कॉफी देतात आणि वाट बघतात.

गुरुवारी रेनो आला. दर गुरुवारी येतो, न चुकता. मी कॉफी ओतली, आर्डिथने पाठवलेल्या लिंबाच्या वड्या पुढे ठेवल्या. तो खुर्चीवर असा बसला की टाकीकडे पाठ होईल. मी ते बघून ठेवलं.

"झुडूप बरंच वाढलं," मी म्हटलं.

"वाढलं असेल."

"नऊ दिवसांत चार सूत."

त्याने कॉफीचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. "चष्मा बदल तू, म्हाताऱ्या."

"चष्मा मागच्या वर्षीचा आहे. तुला काय वाटतं, किती वेगाने वाढू शकतं असं झुडूप?"

"ते काय, टाकीवर आहे. दिवा, पाणी, नशीब. कोणाचं वर्षाला इंच वाढतं, कोणाचं चार. ते मेंदूसारखं गोल प्रवाळ असतं ना, ते वर्षभर घेतं तुझ्या नखाएवढं वाढायला."

"मी गोल असतं त्याचं नाही विचारलं."

"वाढतं कधी कधी एकदम."

"मार्लिसच्या नऊ वर्षांच्या वहीत एकदाही नाही."

"मार्लिस मोजायची तिरकी."

हे त्याने बोलायला नको होतं. मार्लिस तिरकी मोजत नव्हती, आणि तेही त्याला माहीत होतं. माझं तोंड बघून त्याने वडी उचलली.

"निळी बादली दिसत नाही रे माझी," मी म्हटलं.

"कुठली निळी?"

"पाच गॅलनची."

"बघ तळघरात. वय झालं तुझं."

"आणि पिवळा टॉवेल?"

"मी काय धोबी आहे?" तो हसला, पण हसणं अर्ध्यातच राहिलं. वडी तशीच बशीत ठेवली आणि एका विधवेची भट्टी बंद पडलीय म्हणून उठला. दारात बूट घालताना म्हणाला, "व्हर्लिन, सोड्याचे थेंब मोजतोस ना रोज? आठाच्या वर जाऊ देऊ नको."

"मला शिकवू नको."

"बरं."

मी खिडकीतून त्याची गाडी वळेपर्यंत बघत राहिलो. दहा वर्षं या माणसाला माझ्या घराची किल्ली दिली होती. कुलूप बदलायला कोणाला बोलवावं याचा विचार मी त्या दिवशी केला, हेही लिहून ठेवतो.

शनिवारी दुपारी क्लबचा मेळावा होता, चर्चच्या तळघरात. टेबलांवर ताटल्या, ताटल्यांत खारं पाणी, त्यात प्रवाळांचे नखाएवढे तुकडे, वर निळे दिवे. एका टेबलावर बायकांनी आणलेलं जेवण, मधे हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचं भाजलेलं भांडं. मार्लिस गेल्यापासून मी तिथे पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी गेलो ते प्रत्येक ताटलीत वाकून बघायला. हिरवी फांदी, जांभळं टोक. कुठे दिसतं का.

"व्हर्लिन! आलास शेवटी," आर्डिथ ओरडली. आर्डिथ एकोणऐंशीची. कॅरिनला तिसरीत तिने शिकवलं. "बस. हॉटडिश घे, नाहीतर हे पुरुष भांडं चाटूनपुसून ठेवतील."

"आर्डिथ, तुमच्याकडे मार्लिसच्या झुडपाचा तुकडा होता ना?"

"तूही तेच? काय चाललंय तुम्हा दोघांचं?"

"दोघांचं म्हणजे?"

"रेनोचं रे. तू टूसॉनला होतास त्या बुधवारी, सकाळी सातला फोन. मी दातही लावले नव्हते. म्हणतो, आर्डिथ, मार्लिसचा तुकडा आहे का, केवढा आहे? मी म्हटलं, माझी टाकी दोन वर्षांपूर्वी वादळात वीज गेली तेव्हा बसली, तूच नाही का मेलेले मासे काढायला आलास? सुपीरियरच्या जोडप्यालाही विचारलं त्याने. त्यांचंही कधीच गेलं. म्हणाला, म्हणजे आता कोणाकडेच नाही? मी म्हटलं, तुझ्याकडे आहे की. तर म्हणे, कोणाला सांगू नको मी फोन केला ते. मी काही कोणाला सांगितलं नाही."

"आत्ता मला सांगितलंत."

"तू काय कोणी आहेस का!" तिने माझ्या बशीत आणखी एक डाव वाढला.

मी तो खाल्ला नाही. मला आता सगळं लख्ख दिसत होतं. मी गावाबाहेर असताना त्याने आधी खात्री करून घेतली की दुसऱ्या कोणाकडे ते नाही. मग माझं नेलं. आता शहरात खरं मार्लिसचं झुडूप त्याच्या एकट्याकडे, आणि माझ्या टाकीत कुठलं तरी तसं दिसणारं.

"रेनो कुठाय आज?"

"भट्टीच्या कामावर. तसा निरोप होता."

मी गाडी काढली आणि त्याच्या घरी गेलो. त्याची गाडी दारात होती. रात्रीचा बर्फ काचेवर तसाच, म्हणजे सकाळपासून हलली नव्हती. दार उघडंच असतं त्याचं. मी बूट न काढता आत गेलो. या गावात बूट न काढता कोणाच्या घरात शिरणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला कळेल.

"रेनो!"

"खाली आहे," तळघरातून आवाज आला. मग काहीतरी फरशीवर सरकवल्याचा आवाज. मग, "व्हर्लिन? थांब, मीच वर येतो."

मी थांबलो नाही. तो जिन्याच्या तळाशी लोकरी मोजे घालून उभा होता, हात कोपरापर्यंत ओले. मी त्याच्या खांद्यावरून टाकी बघितली. त्याच्या टाकीच्या मधोमध एक दगड आहे. आठ वर्षं त्यावर मार्लिसने दिलेलं झुडूप होतं. आता तो दगड रिकामा होता. वर पांढरे ओरखडे.

"तुझं झुडूप कुठाय?"

"दिलं."

"कोणाला?"

"एकाला दिलं."

"आणि माझं?"

त्याची नजर टेबलाखाली गेली आणि लगेच परत आली. टेबलाखाली माझी निळी बादली होती. वर पिवळा टॉवेल. मी वाकून टॉवेल ओढला.

आत झुडूप होतं. पांढरं. हाडासारखं, किंवा हाडच ते, त्यावर जीव नावाला नव्हता. मी उचललं. डाव्या अंगाला खाली गाठ होती.

मी त्याच्या जिन्यावर बसलो, ते मांडीवर घेऊन.

"तू मारलंस," मी म्हटलं.

रेनोने हात पँटला पुसले. "हो."

"कसं?"

"हीटर. हीटर अडकला चालू राहून. पाणी तापलं. माझं लक्ष नव्हतं. दोन दिवस आलोच नाही मी. चूक माझी, व्हर्लिन. माझं तसलंच होतं म्हणून नेऊन लावलं. तुला कळू नये असं वाटलं. मला शिव्या दे, काय हवं ते कर."

तो हे सगळं एका दमात बोलला. पाठ केल्यासारखं. मी चाळीस वर्षं ड्रायव्हरांचं ऐकलंय. ब्रेक आपोआप गेला म्हणतात ना, ते याच आवाजात.

"पाणी तापलं?" मी विचारलं.

"हो."

"मग मासे कसे राहिले?"

तो टाकीवरचं झाकण सरळ करायला लागला.

"पाचही मासे आहेत. खेकडा आहे. कोळंबी आहे. तापलेल्या पाण्यात कोळंबी आधी जाते, हे मलाही माहीत आहे. तू खोटं बोलायचं तर नीट तरी बोल, रेनो."

"जाऊ दे ना."

"पंपाचा काटा तू खाली आणलास. का?"

"जाऊ दे म्हटलं ना!"

"तू गेलास तेव्हा किती थेंब होते?"

"कसले थेंब?"

"सोड्याचे. किती?"

त्याने बराच वेळ टाकीकडे बघितलं. टाकीचा पंप गुरगुरत होता.

"तेरा," तो म्हणाला.

मी मांडीवरच्या फांद्यांवरून बोट फिरवत होतो. खरखरीत, सँडपेपरसारखं.

"रविवारी माशांना खायला घातलं, तेव्हा ठीक दिसत होतं," रेनो सांगत गेला. आता त्याचा आवाज नेहमीचा होता, घोगरा. "मंगळवारी आलो तर बुंध्याजवळ कातडी सुटत होती, जास्त सोड्याने जळते तशी. थेंब बघितले. मला वाटलं औषध जुनं, दुसरी बाटली आणून बघितलं. तेराच. पाणी बदललं, अर्धी टाकी. तिथेच बसलो संध्याकाळपर्यंत. वर वर चढत गेलं. बुधवारी सकाळी काही उरलं नव्हतं. एक फांदी जरी राहिली असती तर तीच लावली असती मी. म्हणून सगळ्यांना फोन केले. कोणाकडे तुकडा असता तर त्याला गळ घातली असती, आणि माझं माझ्याकडे ठेवलं असतं. नव्हता कोणाकडे."

"मला फोन का नाही केलास?"

"हातात घेतला होता. तेवढ्यात कॅरिनने फोटो पाठवला. तू बाळाला घेऊन बसलायस. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसताना दिसलास." त्याने खांदे उडवले. "तूच सांग, काय सांगणार होतो?"

"मी तुला चोर समजलो."

"ते गुरुवारीच कळलं. लिंबाच्या वड्या ठेवल्यास पुढे. तू मला कधी वडी देत नाहीस."

"कुलूप बदलणार होतो."

"बदलायला हवंच आहे. हिवाळ्यात अडकतं ते."

मी हसलो की नाही ते आठवत नाही. खिशातून पट्टी काढली. ती माझ्या खिशात असतेच. पांढऱ्या झुडपाची उंच फांदी मोजली. सात इंच तीन सूत. निघालो त्या सकाळी होती तेवढीच. मी एवढा सोडा पाजला आणि ते केसभरही वाढलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या टाकीत आहे ते तुझं," मी म्हटलं.

"मार्लिसचंच आहे. तुझ्याच झुडपाची फांदी होती ती. तिने कापली, मी चिकटवली. वेगळं असं काय आहे त्यात?"

"आणि तुझ्याकडे आता काही नाही."

"नाही."

"आर्डिथकडे नाही. कोणाकडेच नाही."

"नाही."

"म्हणजे सगळं माझ्या टाकीत."

रेनोने मान हलवली. एवढे महिने तो हेच सांगत होता, पण त्या वेळी तो तोंडाने काही बोलला नाही, त्याचे उपकार.

"बूट घाल," मी म्हटलं. "बादली घे. चल."

आमच्या घरी येऊन मी मार्लिसचा खण उघडला. प्रवाळाच्या फांद्या कापायची तिची कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली होती, तिने ठेवली तशी. रेनो म्हणाला, "महिनाभर थांब. आत्ताच जागा बदललीय, त्यात कापलं तर आणखी धक्का. पाय तरी बसू दे."

"आणि महिनाभरात मी काही केलं तर?"

"आता कशाला करशील?"

"मागेही करायचं म्हणून केलं नव्हतं. माझा भरवसा नाही, रेनो. तुझा आहे."

त्याने वाद घातला नाही. बाही वर केली आणि टॉर्च धरला. मी हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं. उंच फांदीभोवती कात्री लावली आणि तिथेच थांबलो. किती वेळ ते सांगत नाही. रेनो म्हणाला, "तिरकी नको, सरळ धर." मग मी दाबली. कोरड्या काडीसारखा आवाज आला, पाण्यातूनसुद्धा. तीन फांद्या कापल्या. एक रेनोची. एक आर्डिथची. तिसरी सुपीरियरच्या जोडप्याची. रेनोने त्या गोल चकत्यांवर चिकटवल्या आणि निळ्या बादलीत ठेवल्या.

"आर्डिथला फोन कर," तो म्हणाला. "आणि दात लावून उचल म्हणावं."

उरलेलं झुडूप मी मोजलं. पाच इंच एक सूत. वहीत लिहिलं, शेजारी तीन नावं लिहिली. त्याच्या वरच्या ओळीत, जुन्या झुडपापुढे, सात इंच तीन सूत लिहिलं आणि ते कशाने गेलं तेही लिहिलं. मार्लिसची वही आहे, तिच्यात खोटं नको. पांढरं झुडूप तिच्या शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलंय. मंगळवारी खेकडा परत फांद्यांत दिसला. नव्या की जुन्या, त्याला फरक पडलेला दिसत नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी चर्चहून आलो आणि कोट न काढता पट्टी लावली. पाच इंच एक सूत. तेवढंच. खाली टॉर्च धरून बघितलं तर करड्या पुट्टीच्या कडेने हिरवी रेघ उतरली होती, सुईच्या जाडीची.

दुपारी रेनोचा फोन आला. "माझं अजून तसंच आहे. तुझं?"

"तसंच."

"थेंब?"

"आठ."

"बरं," तो म्हणाला. "गुरुवारी येतो. वड्या ठेवू नको."

फोन ठेवून मी टाकीखालचं दार उघडलं. काटा मार्लिसच्या घरावर होता. मी दार लावून घेतलं.